संगणकाला मागच्या तारखेला नेताना



ग्रामसंघाच्या खोलीत एक संगणक असतो. गटाची बचत, अंतर्गत कर्जाची खतावणी, बँकेत द्यायचा प्रस्ताव, कांदा-लसूण चटणीच्या पाकिटावरची लेबलं, मधूनच कुणाच्या तरी लेकीचा कॉलेजचा फॉर्म, सगळं त्या एकाच यंत्रावर चालतं. यंत्र एक आणि हात लावणारे दहा. मग एखाद्या दिवशी सकाळी ओरड होते, "अक्का, हे काल असं नव्हतं की!" मराठी टायपिंग गेलेलं असतं. प्रिंटर ओळख दाखवत नाही. इंटरनेट उघडलं की भलत्याच जाहिराती नाचायला लागतात. कुणी काय केलं म्हणून विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "मी काय बी केलं न्हाई, आपोआप झालं."

आपोआप झालं, हे कधीकधी खरंही असतं बरं का. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० वापरणाऱ्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीनं एक अपडेट पाठवलं. ते बसलं आणि काही ठरावीक प्रिंटरवर छापायला गेलं की संगणक निळा पडून बंद व्हायला लागला. कुणाचीच चूक नाही, रात्रीत आलेल्या अपडेटनं घात केला. कंपनीनं काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण ते काही दिवस ज्यांना छापायचंच होतं त्यांनी काय करायचं?

अशा वेळी उपयोगी पडणारी एक सोय विंडोजमध्ये आधीपासून असते. तिचं नाव सिस्टीम रिस्टोर. विंडोजची २००० साली आलेली 'मिलेनियम' नावाची आवृत्ती होती, तिच्यात ही सोय पहिल्यांदा आली आणि आजच्या विंडोज ११ मध्येही आहे. वेगळे पैसे नाहीत, काही विकत आणायचं नाही. तरी गावातल्या बहुतेक जणींना ती माहीत नसते, कारण संगणक बिघडला की दुकानात न्यायचा आणि दुकानदार "फॉरमॅट मारायला लागंल" म्हणाला की मान डोलवायची, अशी आपली रीत पडली आहे.

ही सोय करते काय, ते समजायला आपल्या इचलकरंजीचा माग बरा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून मागाची भाषा इथल्या घराघरांत आहे. मागावर कापड निघतं. माग नीट चालावा म्हणून जॉबर त्याची जुळणी करून देतो. कुठला भाग किती घट्ट, कुठला किती सैल, ते तोच बघतो. आता समजा, जॉबर गुरुवारी माग नीट लावून गेला आणि शुक्रवारी कुणीतरी न कळता पाने फिरवले. माग खडखड करायला लागला. सिस्टीम रिस्टोर म्हणजे तो माग पुन्हा गुरुवारच्या जुळणीला आणून ठेवणं. विणून झालेल्या कापडाला ती हात लावत नाही. शुक्रवारी विणलेलं दोन मीटर कापड जिथल्या तिथं राहतं. पण कुणी कापडच फाडलं असेल, तर माग मागच्या जुळणीला नेऊन ते शिवलं जात नाही.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. संगणकातला माग म्हणजे विंडोज स्वतः, त्यात बसवलेले प्रोग्रॅम, प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर आणि आतली सेटिंग. कापड म्हणजे तुमच्या फाइली: एक्सेलमधली खतावणी, वर्डमधली पत्रं, मेळाव्याचे फोटो. सिस्टीम रिस्टोर माग मागं नेतं. त्यामुळं त्यानं तुमचे फोटो आणि हिशेब पुसले जात नाहीत, ही चांगली गोष्ट. आणि चुकून पुसलेली हिशेबाची फाइल त्यानं परत येत नाही, हेही तितकंच खरं. पुसलेल्या फाइलीसाठी आधी रिसायकल बिन, म्हणजे पडद्यावरची ती केराची बादली, उघडून बघायची. एक्सेलमध्ये आत्ताच चुकीचा आकडा पडला असेल तर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबायचं. एवढ्यासाठी सगळा संगणक मागं न्यायची गरज नाही. मराठी टायपिंग गेलं असं वाटलं, तरी आधी विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून बघा. पुष्कळदा भाषा फक्त बदललेली असते, गेलेली नसते.

आता खरी गरज कधी पडते? समजा, हातकणंगले तालुक्यातल्या एका गटाचा संगणक आहे. शुक्रवारी दुपारी लेबल छापायचा नवा प्रोग्रॅम बसवला, तो नीट चालला. शनिवारी अध्यक्षवहिनींचा भाचा आला. त्यानं लग्नाचा व्हिडिओ बारीक करायचा म्हणून कुठून तरी फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्याच्याबरोबर आणखी दोन-तीन न मागितलेले प्रोग्रॅम घुसले. आता संगणक सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, ब्राउझरचं पहिलं पान बदललंय, प्रिंटर रुसलाय. सोमवारी बँकेत यादी द्यायची आहे. भाचा तर गावाला गेला.

पहिला विचार असा करायचा, की जे नको ते एकेक करून काढता येतं का? सेटिंगमध्ये ॲप्सची यादी असते, तिथं तारखेप्रमाणं लावून शनिवारचे प्रोग्रॅम काढता येतात. ते निघाले आणि संगणक सुधारला, तर विषय संपला. नाही सुधारला, तर मग रिस्टोर.

स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत 'रिस्टोर' टाइप करा. 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' असं नाव वर येईल. त्यावर क्लिक केलं की एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात 'सिस्टीम प्रोटेक्शन' हा भाग असतो. वर 'सिस्टीम रिस्टोर' असं बटण दिसेल. ते दाबून 'नेक्स्ट' केलं की तारखांची यादी येते. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक रिस्टोर पॉइंट, म्हणजे संगणकानं त्या दिवशी आपल्या जुळणीची घेतलेली नोंद. काही नोंदी नवा प्रोग्रॅम किंवा अपडेट बसताना विंडोज स्वतः घेतं, काही आपण सांगून घेतो. बिघाड व्हायच्या लगेच आधीची तारीख निवडायची. फार मागं जाऊ नका. जितकं मागं जाल, तितकं मधलं जास्त निघून जातं.

आपल्या उदाहरणात यादीत गुरुवारची आणि शनिवारची सकाळची अशा दोन नोंदी असतील, तर शनिवारची घ्यायची. म्हणजे भाच्याचे उद्योग जातील आणि शुक्रवारचा लेबलांचा प्रोग्रॅम राहील. फक्त गुरुवारचीच नोंद असली, तर लेबलांचा प्रोग्रॅमही जाईल, तो पुन्हा बसवावा लागेल. हे आधीच कळावं म्हणून तिथं 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स' असं बटण आहे. त्यावर क्लिक केलं की कुठले प्रोग्रॅम जाणार आणि कुठले परत येणार, याची यादी दिसते. ही यादी वहीत उतरवून घ्या. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम किंवा फॉन्ट अलीकडेच बसवला असेल, तर तो जायची शक्यता धरून त्याची सीडी किंवा पेन ड्राइव्ह हाताशी ठेवा.

'फिनिश' दाबायच्या आधी दोन कामं. एक, हिशेबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. रिस्टोर त्यांना हात लावत नाही हे खरं, पण टॅलीसारख्या प्रोग्रॅममधला हिशेब असो की एक्सेलमधला, गटाच्या पैशाचा कागद आहे तो. एक प्रत बाहेर असलेली बरी. दुसरं, लाइटचं बघा. एकदा सुरू झालेलं रिस्टोर मध्येच थांबवता येत नाही. संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो, पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं, कधी पंधरा मिनिटं, कधी तासभर. तेवढ्यात लाइट गेली आणि यूपीएस नसला, तर होतं त्यापेक्षा जास्त बिघडू शकतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा. ज्या दिवशी लाइट जाणार असं आधी कळलेलं असतं, तो दिवस टाळा. वळवाच्या पावसाची चिन्हं असतील तर तेव्हाही हे काम काढू नका.

सगळं झालं की विंडोज स्वतः सांगतं, रिस्टोर पूर्ण झालं आणि तुमच्या फाइलींना काही झालेलं नाही. प्रिंटरवर एक पान काढून बघा. सुधारलं नाही, किंवा दुसरंच काही बिघडलं, तरी घाबरायचं कारण नाही. त्याच खिडकीत परत गेलं की 'अनडू सिस्टीम रिस्टोर' असा पर्याय दिसतो. म्हणजे मागं नेलेला संगणक पुन्हा होता तिथं आणता येतो. मात्र सेफ मोडमधून रिस्टोर केलं असेल तर ही परतीची वाट मिळत नाही.

संगणक नीट सुरूच होत नसला तर? दोन-तीनदा अर्धवट सुरू होऊन बंद पडला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं निळं पान दाखवतं. तिथं 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'सिस्टीम रिस्टोर' अशा वाटेनं जायचं. इथं डोळे उघडे ठेवा, कारण त्याच वाटेवर 'रिसेट धिस पीसी' नावाचा दुसरा दरवाजा आहे. रिस्टोर आणि रिसेट, कानाला सारखे वाटणारे दोन शब्द. रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तर सगळं पुसलं जातं, खतावणीपासून फोटोंपर्यंत. हा गोंधळ मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत धोक्याचा वाटतो. संगणकाजवळच्या भिंतीवर हे दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि रिसेटसमोर लाल फुली मारा. काही नव्या लॅपटॉपवर या पानावर बिटलॉकरची चावी मागतात, तो लांबलचक आकडा असतो. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला असेल त्या खात्यात तो सहसा सापडतो. तो आत्ताच शोधून ठरावाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. त्या घाईत शोधणं जमत नाही.

आणि आता त्या दुकानाबद्दल. फॉरमॅट मारणं म्हणजे घर झाडायच्या ऐवजी पाडून बांधणं. कधीकधी तेही लागतं, नाही असं नाही, हार्ड डिस्कच खराब झाली तर रिस्टोर काय करणार! पण दुरुस्तीवाल्या पोराला ते सोपं पडतं, कारण त्याला शोधत बसावं लागत नाही. तेव्हा संगणक त्याच्या हातात देताना एवढं म्हणा, "दादा, फॉरमॅट मारायच्या आधी रिस्टोर पॉइंट आहे का बघ, आणि आमच्या फाइली आधी बाहेर काढून दाखव." पैसे आपण देतो, हिशेब आपला आहे. विचारायला लाजू नका.

पण ही सगळी गोष्ट एका अटीवर अवलंबून आहे. रिस्टोर पॉइंट मुळात असायला हवा. विंडोज १० आणि ११ मध्ये पुष्कळदा ही सोय बंद असते. बिघाड झाल्यावर तिथं जावं तर यादी रिकामी! म्हणून चांगल्या दिवशी हे काम करून ठेवायचं. मघाच्याच खिडकीत सी ड्राइव्हच्या पुढं 'ऑन' आहे की 'ऑफ' ते दिसतं. ऑफ असेल तर 'कॉन्फिगर' दाबा, 'टर्न ऑन सिस्टीम प्रोटेक्शन' निवडा आणि खालची पट्टी सरकवून पाच ते दहा टक्के जागा द्या. त्या जागेत मावतील तेवढ्याच नोंदी राहतात. जागा भरली की सगळ्यात जुनी आधी जाते. मग 'क्रिएट' दाबून एक नोंद स्वतः घ्या आणि तिला नाव द्या, 'लेबल प्रोग्रॅमच्या आधी' असं काहीही. नवा प्रिंटर जोडायचा, नवा प्रोग्रॅम बसवायचा, कुणाचा भाचा येणार असला, की आधी दोन मिनिटं हे काम. आणि तिथलं 'डिसेबल सिस्टीम प्रोटेक्शन' कधी निवडू नका, त्यानं साठवलेल्या सगळ्या नोंदी एकदम जातात.

मोबाइलवरही असंच करता येईल का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, कारण आपलं निम्मं काम आता मोबाइलवरच चालतं. तर नाही, अँड्रॉइड फोनमध्ये मागच्या तारखेला जायची अशी सोय नसते. तिथं बिघडलेलं ॲप काढून पुन्हा घ्यायचं, एवढंच. फोनमधलं 'फॅक्टरी रिसेट' म्हणजे फोन कोरा करणं. ते कुणी सुचवलं तर फोटो आणि नंबर आधी बाहेर काढल्याशिवाय हो म्हणू नका.

आणखी एक गोष्ट बजावून सांगते. कुणी फोन करून "मी बँकेतून बोलतोय, एनीडेस्क घ्या, आकडा सांगा" म्हणालं आणि कुणी भाबडेपणानं ते केलं, तर रिस्टोर हा त्यावरचा उपाय नाही. संगणक मागच्या तारखेला जाईल, खात्यातले पैसे जाणार नाहीत. तेव्हा पहिल्यांदा इंटरनेट बंद करायचं, आपल्या बँकेला कळवायचं आणि १९३० या नंबरवर तक्रार द्यायची. जितकं लवकर, तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. तिथं घरच्यांच्या भीतीनं दोन दिवस गप्प बसू नका. व्हायरसचंही तसंच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस दीडशेहून जास्त देशांत पसरला, तो फाइलींना कुलूप तर लावायचाच, वर संगणकातल्या या मागच्या नोंदीही पुसून टाकायचा. चोरानं आधी मागचं दार बंद करावं तसं.

म्हणूनच कागदाची वही सोडू नका असं माझं मत आहे. काहीजणी म्हणतील, संगणक आल्यावर पुन्हा वही कशाला, दुप्पट काम. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातले जवळजवळ ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विमान कंपन्यांना त्या दिवशी पेन काढावं लागलं, तर आपल्या गटाची रोकडवही का मोडीत काढायची? बैठकीतली बचत आणि हप्ते वहीत, सह्या-अंगठ्यांसकट. बेरजा आणि तक्ते संगणकात.

राहिला पेन ड्राइव्ह. रिस्टोर पॉइंट संगणकाच्या त्याच डिस्कवर असतात, डिस्क बुडाली की तेही बुडाले. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी काय भोगलं, ते शिरोळच्या बायकांना मी काय सांगावं! घर सोडताना हाताला लागेल ते उचललं जातं, टेबलावरचा संगणक राहतो. म्हणून पेन ड्राइव्ह संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवू नका. महिन्याच्या बैठकीनंतर फाइली त्यावर उतरवायच्या आणि तो सचिवांच्या घरी ठेवायचा. सचिवांचं घर नदीकडच्या गल्लीत असेल, तर चढावरच्या कुणा सदस्येच्या घरी. कुणाच्या घरी ठेवायचा त्याचा ठराव येत्या बैठकीत घ्या, आणि त्याच दिवशी संगणक उघडून सी ड्राइव्हपुढं 'ऑन' आहे का तेही सगळ्यांनी मिळून बघा.